दोन-चार जणांच्या डिझाइन कार्यालयासाठी कॅड फाइल्सची सामायिक व्यवस्था: क्रमांक, लॉक आणि रिलीज

छोट्या उद्योगात कॅड (संगणकावर केलेल्या डिझाइनच्या) फाइल्सचा घोळ बहुधा एकाच वाटेने वाढतो. सुरुवातीला सगळे एका संगणकावर असते. दुसरा डिझायनर आला की एक शेअर्ड फोल्डर होतो आणि काही महिन्यांत त्यात ‘ब्रॅकेट_फायनल’, ‘ब्रॅकेट_फायनल_२’, ‘ब्रॅकेट_फायनल_हाच_वापरा’ अशी रांग लागते. साध्या फोल्डरला तीन गोष्टी सांगता येत नाहीत: या क्षणी ही फाइल कोण बदलतोय, गेल्या आठवड्यात ती कशी होती आणि वर्कशॉपला नेमकी कोणती गेली. ही तिन्ही उत्तरे देणारी व्यवस्था दोन ते सहा जणांसाठी कशी उभी करायची, ते इथे मांडले आहे. उदाहरणे सॉलिडवर्क्स या कॅड सॉफ्टवेअरची आहेत. इन्व्हेंटर किंवा सॉलिड एजमध्ये मेनूंची नावे बदलतील, क्रम तोच राहील.

कॅड फाइल एकटी नसते

वर्ड किंवा एक्सेलची फाइल स्वतःपुरती असते. असेंब्लीचे, म्हणजे अनेक पार्ट (सुटे भाग) जोडून केलेल्या मॉडेलचे, तसे नाही. तिच्यात पार्टची भूमिती नसून कोणत्या नावाची पार्ट फाइल कुठे आहे याची नोंद असते. ड्रॉइंग पुन्हा त्या पार्टकडे किंवा असेंब्लीकडे बोट दाखवते. त्यामुळे एका फाइलचे नाव बदलले किंवा ती दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली, की तिच्यावर अवलंबून असलेल्या पाच फाइल्स तुटतात. नाव बदलणाऱ्याला हे कळतही नाही. कळते ते पुढच्या आठवड्यात ती असेंब्ली उघडणाऱ्याला.

दुसरी खोच याहून वाईट आहे. असेंब्ली उघडताना सॉलिडवर्क्सला हव्या त्या नावाची फाइल आधीच उघडलेली सापडली, तर ते तीच वापरते, मग ती कुठल्याही फोल्डरमधली का असेना. दोन प्रकल्पांत ‘प्लेट’ नावाचे दोन वेगळे पार्ट असतील आणि दोन्ही प्रकल्प एकाच वेळी उघडे असतील, तर चुकीची प्लेट बसते. त्यावर सेव्ह केले की चूक कायम होते. म्हणून पूर्ण कंपनीत एका नावाची एकच फाइल असणे ही या व्यवस्थेची पहिली अट आहे.

तिसरी गोष्ट: दोघांनी एकच पार्ट एकाच वेळी बदलला, तर ते दोन बदल एकत्र करता येत नाहीत. सॉफ्टवेअरच्या कोडमध्ये ओळी जुळवता येतात. पार्टची फाइल बायनरी असते, तिथे एकाचे काम टाकूनच द्यावे लागते. त्यामुळे काम सुरू करण्याआधी फाइलला कुलूप लावण्याची सोय हवीच.

कोणते साधन घ्यावे

नॅसवरचा (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कवरचा) साधा शेअर्ड फोल्डर जुजबी कुलूप देतो. एकाने फाइल उघडली की दुसऱ्याला ती फक्त वाचता येते. पण त्यात इतिहास नसतो, आणि घरून व्हीपीएनवर (इंटरनेटमधून कार्यालयाच्या नेटवर्कशी केलेल्या सुरक्षित जोडणीवर) मोठी असेंब्ली उघडणे म्हणजे छळ असतो. वर, सेव्ह होत असताना नेटवर्क तुटले तर फाइल खराब होण्याची भीती.

ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह, वनड्राइव्ह यांसारख्या सिंक सेवा कागदपत्रांसाठी चांगल्या आहेत, कॅडसाठी नाहीत. दोघांनी एकाच वेळी सेव्ह केले की सेवा तक्रार न करता फाइलची दुसरी ‘कॉन्फ्लिक्ट’ प्रत करून ठेवते. असेंब्ली त्या दोनपैकी मूळ नावाचीच प्रत उचलते, मग खरे काम दुसऱ्या प्रतीत असले तरी. शिवाय तीसपैकी बावीस पार्ट सिंक झालेत आणि आठ वाटेत आहेत, अशा अवस्थेत सहकारी असेंब्ली उघडू शकतो.

उरतात तीन खरे पर्याय. पहिला, कॅडसोबत येणारे पीडीएम, म्हणजे डिझाइन फाइल्सचा हिशेब ठेवणारे सॉफ्टवेअर. सॉलिडवर्क्सच्या प्रोफेशनल आणि प्रीमियम परवान्यांबरोबर पीडीएम स्टँडर्ड मिळते. तुमच्याकडे तो परवाना असेल आणि विंडोज सर्व्हर व एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेस हा डेटाबेस सांभाळणारे कोणी असेल, तर तेच घ्या, कारण नाव बदलणे आणि संदर्भ सांभाळणे त्याला येते. दुसरा, ऑनशेप किंवा फ्यूजनसारखे कॅड, ज्यात फाइल्सचा हिशेब क्लाउडच ठेवतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी याचा विचार जरूर करावा, पण दहा वर्षांचे जुने मॉडेल्स असलेल्यांनी केवळ फाइल्स सांभाळण्यासाठी कॅड बदलू नये. तिसरा, सबव्हर्जन, म्हणजेच एसव्हीएन: फाइल्सच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर. २००४ साली त्याची पहिली पक्की आवृत्ती आली, त्यामुळे कोणी त्याला जुनाट म्हणेल. पण कुलूप, इतिहास आणि प्रत्येकाच्या संगणकावर पूर्ण प्रत या तिन्ही गोष्टी ते फुकटात आणि वर्षानुवर्षे विनातक्रार देते. गिट या प्रोग्रामरांच्या साधनातही एलएफएस (मोठ्या फाइल्ससाठीची जोड) लावून कुलूप मिळते, पण कोड न लिहिणाऱ्याला गिट शिकवण्यात जो वेळ जातो, तो इथे वाया जातो. पुढची मांडणी एसव्हीएनची आहे. क्रमांक आणि रिलीजचे नियम मात्र कोणत्याही साधनाला लागू होतात.

आधी क्रमांक, मग सर्व्हर

सर्व्हरची घाई असते, पण खरा फायदा क्रमांकात आहे. प्रत्येक पार्टला, असेंब्लीला आणि विकत आणलेल्या वस्तूला एकच पाच आकडी क्रमांक द्या आणि तेच फाइलचे नाव ठेवा. सुरुवात १०००१ पासून करा. ००००१ पासून केली तर स्प्रेडशीट पुढची शून्ये गिळून टाकते आणि खरेदी-यादीत ‘४२’ नावाचा पार्ट दिसू लागतो.

क्रमांकात अर्थ भरण्याचा मोह टाळा. ‘१ म्हणजे शीटमेटल, २ म्हणजे मशीनिंग, पुढचे दोन आकडे उत्पादनाचे’ अशी योजना पहिले सहा महिने छान दिसते. मग शीटमेटलचा पार्ट मशीनिंगने बनवायचा ठरतो, किंवा एकच ब्रॅकेट दोन उत्पादनांत जातो, आणि क्रमांक खोटे बोलू लागतो. अर्थ वर्णनात ठेवा. क्रमांक केवळ ओळीने दिलेला असावा.

नोंदवहीसाठी एक स्प्रेडशीट पुरते. स्तंभ सहा: क्रमांक, वर्णन, प्रकार (बनवायचा की विकत), कोणी घेतला, तारीख, चालू रिव्हिजन (सुधारित आवृत्तीची खूण). ही वही सर्वांना एकाच वेळी लिहिता येईल अशा ऑनलाइन शीटवर ठेवली तर बरे, कारण दोघांनी एकच क्रमांक घेणे हा इथला एकमेव धोका आहे. क्रमांक हवा असेल त्याने आधी ओळ भरायची, मग कॅडमध्ये नवी फाइल सेव्ह करायची. घेतलेला क्रमांक वापरला नाही तर तो रद्द म्हणून राहू द्या, दुसऱ्याला देऊ नका. आकड्यांची टंचाई नाही.

वर्णनाची ठेवण ठरवून घ्या: आधी नाम, मग विशेषण. ‘ब्रॅकेट, मोटर, डावा’ असे लिहिले की यादी अक्षरक्रमाने लावल्यावर सगळे ब्रॅकेट एकाखाली एक येतात आणि नवा काढण्याआधी जुना सापडतो. हे वर्णन फाइलनावात न घालता पार्टच्या कस्टम प्रॉपर्टीत घाला. ड्रॉइंगचा टायटल ब्लॉक (कोपऱ्यातला माहितीचा चौकोन) आणि बीओएम (भागांची यादी) तिथूनच ते उचलतात.

ड्रॉइंगला पार्टचाच क्रमांक आणि पार्टचाच फोल्डर. पार्टला आपले ड्रॉइंग कुठे आहे हे माहीत नसते, फक्त ड्रॉइंगला पार्ट माहीत असतो. नाव आणि जागा एक असली की ते सॉफ्टवेअरलाही सापडते आणि माणसालाही.

फाइलनावांत इंग्रजी अक्षरे आणि अंक, हायफन आणि अंडरस्कोर एवढेच वापरा. सीएएम (मशीनसाठी सूचना तयार करणारे) सॉफ्टवेअर आणि मशीनचे कंट्रोलर इतर लिपी, मोकळ्या जागा आणि विशेष चिन्हांवर अडखळतात.

रिव्हिजन कधी, नवा क्रमांक कधी

कसोटी अदलाबदलीची आहे. शेल्फवरचा जुना पार्ट आणि आज बनलेला नवा पार्ट एकमेकांच्या जागी बिनधास्त बसत असतील, तर क्रमांक तोच आणि रिव्हिजन पुढचे. बसत नसतील तर नवा क्रमांक. एम६ बोल्टचे भोक ६.४ मिलिमीटरवरून ६.६ केले, तर बोल्ट तोच राहतो आणि दोन्ही पार्ट चालतात: रिव्हिजन. दोन भोकांमधले अंतर ८० वरून ८२ केले, तर जुना पार्ट नव्या मशीनवर बसणार नाही: नवा क्रमांक. इथे कंजूषपणा केला तर एकाच क्रमांकाच्या खोक्यात न जुळणारे पार्ट जमतात आणि ते फक्त जोडणीच्या वेळी उघडकीला येते.

प्रोटोटाइपच्या काळात रिव्हिजन आकड्यांत ठेवा (०१, ०२), पहिल्या उत्पादनापासून इंग्रजी अक्षरांत. ड्रॉइंग हातात घेणाऱ्याला एका नजरेत कळते की हे अजून कच्चे आहे. अक्षरांमधून आय, ओ, क्यू, एस, एक्स आणि झेड वगळा. ही एएसएमई या अमेरिकी यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेच्या मानकातली रीत आहे. आय आणि एक, ओ आणि शून्य, एस आणि पाच एकमेकांसारखे दिसतात. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीवर तर हमखास.

फोल्डर

एकच रिपॉझिटरी (सर्व्हरवरचे फाइल्सचे भांडार) करा, उत्पादनागणिक वेगळी नको. आत पाच फोल्डर: मॉडेल्स, लायब्ररी (विकतचे आणि प्रमाणित भाग), टेम्प्लेट्स, रिलीज (बाहेर द्यायच्या फाइल्स), बाहेरून आलेले. मॉडेल्सच्या आत हजारांचे गट करा, म्हणजे १०००० ते १०९९९ एका फोल्डरमध्ये, पुढचे दुसऱ्यात. उत्पादनांच्या नावांचे फोल्डर स्वाभाविक वाटतात, पण तिसऱ्या उत्पादनाने पहिल्याचा ब्रॅकेट वापरला की तो नेमका कुठे ठेवायचा, यावर वाद सुरू होतो. उत्पादनात काय काय आहे हे सांगणे असेंब्लीचे आणि बीओएमचे काम आहे. फोल्डरवर ते लादू नका.

सिम्युलेशनचे निकाल, रेंडर, व्हिडिओ यांना रिपॉझिटरीत जागा नाही. ते जड असतात, पुन्हा तयार करता येतात आणि एसव्हीएनमधून एकदा गेलेली वस्तू खरोखर काढून टाकणे फार किचकट असते.

प्रत्येक संगणकावर कामाची प्रत एकाच मार्गावर ठेवा: उदाहरणार्थ डी ड्राइव्हच्या मुळाशी ‘कॅड’ नावाचा फोल्डर. मार्ग सारखा असला की संदर्भ शोधताना कॅड भरकटत नाही. मार्ग आखूड असला की विंडोजच्या २६० अक्षरांच्या मर्यादेशी गाठ पडत नाही. डेस्कटॉप किंवा डॉक्युमेंट्समध्ये ही प्रत ठेवू नका. वनड्राइव्ह ते फोल्डर परस्पर सिंक करायला घेते आणि एसव्हीएनच्या आतल्या नोंदींची वाट लागते.

सर्व्हर

यासाठी महागडे यंत्र लागत नाही. तारेने नेटवर्कला जोडलेला, यूपीएसवर चालणारा एखादा जुना डेस्कटॉप पुरतो, फक्त डिस्क नवी घाला. जागेचा अंदाज सोपा आहे. तिघे जण रोज प्रत्येकी दहा फाइल्स जमा करतात आणि सरासरी फाइल ५ एमबीची आहे असे धरले, तर दिवसाला १५० एमबी. वर्षाच्या २५० कामाच्या दिवसांत ३७.५ जीबी, आणि एसव्हीएन फक्त फरक साठवते म्हणून प्रत्यक्षात त्याहून कमी. १ टीबीची डिस्क बरीच वर्षे जाईल. कामाच्या संगणकांवर मात्र दुप्पट जागा धरा, कारण एसव्हीएन प्रत्येक फाइलची एक अस्पर्श प्रत लपवलेल्या फोल्डरमध्ये ठेवते.

विंडोजवर व्हिज्युअलएसव्हीएन सर्व्हरची मोफत आवृत्ती घाला. नवी रिपॉझिटरी करताना ती रिकामी निवडा. ट्रंक, ब्रँचेस, टॅग्ज ही रचना कोडसाठी आहे. ज्या फाइल्स एकत्र करता येत नाहीत, त्यांच्या फांद्या काढून उपयोग नाही. प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या. ‘डिझाइन’ नावाचे एकच सामायिक खाते केले तर इतिहासात सगळे बदल ‘डिझाइन’नेच केलेले दिसतील. बाहेरून काम करायचे असेल तर व्हीपीएनमधून जोडा, सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा करू नका. प्रत स्थानिक असल्यामुळे कनेक्शन मंद असले तरी फक्त बदललेल्या फाइल्सची देवाणघेवाण होते.

प्रत्येक कामाच्या संगणकावर टॉर्टॉइजएसव्हीएन घाला. ते विंडोज एक्सप्लोररमध्येच बसते. राइट-क्लिकवर अपडेट (सर्व्हरवरचे नवे बदल घेणे), कमिट (आपले बदल जमा करणे) आणि गेट लॉक (कुलूप लावणे) ही तीन कामे आली की नव्वद टक्के शिक्षण झाले.

कुलूप सक्तीचे करणे

नुसते ‘फाइल घेण्याआधी लॉक लावा’ असे सांगून भागत नाही. घाईच्या दिवशी माणूस विसरतोच. एसव्हीएनमध्ये ‘नीड्स-लॉक’ नावाची प्रॉपर्टी आहे. ती लावलेली फाइल लॉक मिळेपर्यंत डिस्कवर फक्त-वाचनीय राहते. सेव्ह करायला गेलात की कॅडच अडवते.

नव्या फाइल्सना ती आपोआप लागावी म्हणून रिपॉझिटरीच्या मुळाच्या फोल्डरवर ‘ऑटो-प्रॉप्स’ प्रॉपर्टी बसवा आणि त्यात पार्ट, असेंब्ली व ड्रॉइंगच्या एक्स्टेन्शनसमोर नीड्स-लॉक लिहा. ही सोय सबव्हर्जन १.८ पासून आहे. आधी जमा झालेल्या फाइल्सना ती लागत नाही. त्यांच्यासाठी फोल्डरवर प्रॉपर्टीज, न्यू, नीड्स-लॉक निवडून आतल्या सर्व फाइल्सना लागू करण्याची खूण करा. त्याच ठिकाणी ‘ग्लोबल-इग्नोर्स’मध्ये ~$ ने सुरू होणारी नावे टाका. फाइल उघडी असताना सॉलिडवर्क्स ज्या तात्पुरत्या फाइल्स बनवते, त्या मग कधी जमा होणार नाहीत.

तुमच्याकडची प्रत जुनी असेल तर एसव्हीएन लॉकच देत नाही, आधी अपडेट करा म्हणते. हा अडथळा वाटतो, पण शिळ्या फाइलवर काम सुरू होण्याची शक्यता त्यानेच संपते. कमिट झाल्यावर लॉक आपोआप सुटतो. काम उद्याही चालणार असेल तर कमिटच्या खिडकीत ‘कीप लॉक्स’वर खूण करा. आणि हो, नवा पार्ट पहिल्यांदा कमिट केल्यावर तो लगेच फक्त-वाचनीय होतो. पहिल्या आठवड्यात सगळे याला बिघाड समजतात.

कोणी लॉक ठेवून रजेवर गेले तर रेपो-ब्राउझरमधून ‘ब्रेक लॉक’ करता येतो. नियम मात्र हवा: आधी फोन, मग लॉक तोडणे. त्याच्या संगणकावर दोन दिवसांचे जमा न केलेले काम असू शकते. लॉक गेल्यावर त्याचा कमिट नाकारला जाईल आणि ते काम हाताने पुन्हा करावे लागेल.

कॅडमधल्या सेटिंग्ज

या केल्या नाहीत तर वरची सगळी मेहनत सेव्हच्या प्रश्नखिडक्यांत बुडते. असेंब्ली उघडून नुसती फिरवली तरी सॉलिडवर्क्स आतले पार्ट बदलल्याचे समजते आणि बंद करताना सगळे सेव्ह करू का विचारते. सिस्टम ऑप्शन्समध्ये एक्स्टर्नल रेफरन्सेसखाली ‘संदर्भातल्या फाइल्स फक्त-वाचनीय उघडा’ आणि ‘फक्त-वाचनीय फाइल्स सेव्ह करण्याबद्दल विचारू नका’ या अर्थाचे दोन पर्याय आहेत, ते चालू करा. कोलॅबोरेशनखाली मल्टी-यूझर वातावरण चालू करा.

फाइल लोकेशन्समध्ये टेम्प्लेट, शीट फॉरमॅट आणि मटेरियल लायब्ररीचे मार्ग रिपॉझिटरीतल्या टेम्प्लेट्स फोल्डरकडे वळवा. नाहीतर एकाच्या ड्रॉइंगवर जुना लोगो, दुसऱ्याच्या ड्रॉइंगवर वेगळी टॉलरन्स टीप, हे अटळ आहे.

टूलबॉक्सच्या (सॉलिडवर्क्समधल्या तयार प्रमाणित भागांच्या संग्रहाच्या) स्क्रूंबद्दल वेगळे सांगायला हवे. एका संगणकावर टूलबॉक्समधून घातलेला एम६ × २० स्क्रू दुसऱ्या संगणकावर भलत्याच मापाचा, कधी मुठीएवढा दिसतो. कारण ते माप त्या संगणकावरच्या टूलबॉक्स फाइलमध्ये तयारच झालेले नसते. सर्वांचा टूलबॉक्स एका सामायिक फोल्डरवर नेणे हा एक उपाय. छोट्या गटाला दुसरा जास्त सोयीचा: वापरात असलेले तीस-चाळीस स्क्रू, नट, वॉशर साधे पार्ट म्हणून लायब्ररी फोल्डरमध्ये सेव्ह करा, त्यांना क्रमांक द्या, आणि टूलबॉक्सला मूळ शोधस्थान मानण्याचा पर्याय बंद करा. यादी मर्यादित झाल्याने स्टोअरमध्ये ठेवायच्या मापांची संख्याही आपोआप आटोक्यात येते.

कॅडची आवृत्ती सर्वांनी एकाच दिवशी बदलावी. नव्या आवृत्तीत सेव्ह झालेली फाइल जुनीत नीट उघडत नाही, आणि एका उत्साही माणसाने सेव्ह केलेली लायब्ररी बाकीच्यांना बंद पडते.

एक बदल, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

समजा १००४२ या ब्रॅकेटचे भोक वाढवायचे आहे आणि तो आज रिव्हिजन ए वर आहे. सॉलिडवर्क्स बंद ठेवून मुळाच्या ‘कॅड’ फोल्डरवर अपडेट करा. कॅड उघडे असेल तर विंडोज त्या फाइल्स सोडत नाही, अपडेट मध्येच थांबते आणि ‘क्लीन अप’ चालवावे लागते. मग १००४२ चा पार्ट आणि ड्रॉइंग या दोन्हींवर गेट लॉक, टिपणीत कारण. लॉक मिळाल्यावरच फाइल उघडा. आधी उघडली असेल तर ती फक्त-वाचनीय म्हणूनच उघडलेली राहते आणि रीलोड करावी लागते.

भोक ६.६ करा. प्रॉपर्टीत रिव्हिजन बी करा. ड्रॉइंग उघडून माप बदलले आहे, तुटलेली (रंग बदललेली) डायमेन्शन्स नाहीत, रिव्हिजन तक्त्यात ओळ आली आहे हे पाहा. मग हा ब्रॅकेट वापरणाऱ्या असेंब्ली उघडून इंटरफेरन्स (भाग एकमेकांत घुसतात का) तपासा. त्या सेव्ह करण्याची गरज नाही.

कमिट नेहमी मुळाच्या फोल्डरवरून करा, एकट्या फाइलवरून नको. खिडकीत जमा न झालेल्या नव्या फाइल्सही दिसायला हव्यात. इथली सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे असेंब्ली जमा होते आणि तिच्यात घातलेला नवा पार्ट आपल्याच संगणकावर राहतो. सहकाऱ्याला असेंब्लीत रिकामी जागा दिसते. कमिटची टिपणी अशी: ‘१००४२ बी: माउंटिंग भोक ६.४ वरून ६.६, जोडणीत बोल्ट अडत होता’. ‘अपडेट केले’ अशी टिपणी लिहिण्यापेक्षा न लिहिलेली बरी.

दिवसाच्या शेवटी कमिट हवाच, काम अर्धे असले तरी. अर्धे काम जमा करायला लाजण्याचे कारण नाही. वर्कशॉप मॉडेल्स फोल्डरमधून काही घेतच नाही, ते रिलीजमधूनच घेते.

रिलीज

चालू मॉडेल्सचा फोल्डर आणि बाहेर जाणाऱ्या फाइल्स यांच्यात भिंत हवी. रिलीज फोल्डरमध्ये फक्त पीडीएफ, स्टेप (कोणत्याही कॅडमध्ये उघडणारे त्रिमित मॉडेल) आणि लेझर कटिंगसाठी डीएक्सएफ (सपाट आकृती). यांच्या नावात मात्र रिव्हिजन असते: १००४२_बी. मूळ कॅड फाइलच्या नावात रिव्हिजन घातले तर प्रत्येक बदलाला नाव बदलते आणि संदर्भ तुटतात. रिलीजच्या फाइल्सना कोणी संदर्भ देत नाही, म्हणून तिथे ते चालते.

रिलीज करण्याआधी दुसऱ्या माणसाने ड्रॉइंग पाहावे. त्याने पाहायच्या गोष्टी ठरलेल्या असाव्यात: रिव्हिजन प्रॉपर्टीत आणि टायटल ब्लॉकवर सारखे आहे का, मटेरियल आणि फिनिश लिहिले आहे का, डीएक्सएफमधले एक माप ड्रॉइंगशी ताडून पाहिले का (मिलिमीटर आणि इंचांची गफलत इथेच पकडली जाते), आणि स्टेप फाइल आजच्याच मॉडेलमधून काढली आहे का. शेवटची चूक सर्रास होते: पीडीएफ नवे, स्टेप जुनी. मशीन स्टेपवरून चालते आणि तपासणी पीडीएफवरून. दोन्हींत फरक निघाला तर कोणते ग्राह्य, हे टायटल ब्लॉकच्या टिपेत लिहून ठेवा.

जुनी रिव्हिजन्स पुसू नका. रिलीजच्या आत ‘रद्द’ फोल्डरमध्ये हलवा. पुरवठादाराला फोल्डरची लिंक कधीही देऊ नका, दर वेळी ठरलेल्या फाइल्सची झिप पाठवा आणि तीच झिप तारीख व खरेदी ऑर्डरच्या क्रमांकासह जपून ठेवा. लिंक दिली तर ऑर्डर दिल्यानंतर फाइल बदलू शकते आणि मग नक्की कशावरून पार्ट बनले यावर भांडण होते.

नोंदवहीत रिव्हिजनसोबत कमिट क्रमांकही लिहा. एसव्हीएन प्रत्येक कमिटला एक चढता आकडा देते आणि त्या आकड्यात सगळ्या रिपॉझिटरीची त्या क्षणाची अवस्था असते. एकच रिपॉझिटरी ठेवण्याचा खरा लाभ हा. दोन वर्षांपूर्वी विकलेले मशीन जसेच्या तसे उघडायचे असेल, तर त्या आकड्यावरची पूर्ण प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये चेकआउट करा (सर्व्हरवरून उतरवून घ्या). ती उघडण्याआधी कॅड बंद करून पुन्हा सुरू करा, नाहीतर आधीच उघड्या असलेल्या आजच्या फाइल्स कालच्या असेंब्लीत शिरतील.

जुन्या फाइल्स आत आणणे

जुना फोल्डर सगळाच्या सगळा आत ढकलू नका. घोळ तसाच राहील, फक्त त्याला इतिहास मिळेल. सध्या विकली जाणारी उत्पादने आधी घ्या. प्रत्येकाची सर्वांत वरची असेंब्ली उघडून पॅक अँड गो (तिच्या सगळ्या फाइल्स एकत्र बाहेर काढणारी सोय) चालवा. त्यातच प्रत्येक फाइलसमोर नवे नाव, म्हणजे नवा क्रमांक, लिहिता येतो आणि संदर्भ आपोआप जुळतात. ड्रॉइंग्ज घेण्याचा पर्याय विसरू नका, तो मुद्दाम निवडावा लागतो. बाहेर आलेला संच वेगळ्या संगणकावर उघडून एकही पार्ट हरवलेला नाही याची खात्री झाल्यावरच पहिला कमिट. मग जुना फोल्डर सर्वांसाठी फक्त-वाचनीय करा. हे केले नाही तर महिनाभर दोन्हीकडे काम चालते आणि कोणतेच खरे राहत नाही. बाकीची जुनी उत्पादने दुरुस्तीसाठी उघडावी लागतील तेव्हा एकेक आणता येतील.

नंतर कधी नाव बदलावेच लागले, तर ते विंडोजमध्ये नको. सॉलिडवर्क्सच्या स्वतःच्या रिनेम सोयीने बदला, म्हणजे संदर्भ सुधारतील. एसव्हीएनला मात्र एक फाइल हरवली आणि एक नवी आली असेच दिसेल. कमिटच्या खिडकीत ती दोन्ही निवडून ‘रिपेअर मूव्ह’ केले की इतिहास जोडलेला राहतो.

बॅकअप

दोन डिस्कचे रेड १ (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारी मांडणी) म्हणजे बॅकअप नव्हे. ते डिस्क मेल्यावर काम चालू ठेवते, चुकून पुसलेली फाइल मात्र दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी पुसते. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक कार्यालयाबाहेर, ही जुनी रीत इथेही पुरते. रिपॉझिटरी चालू असताना तिचा फोल्डर साधा कॉपी करू नका, मध्येच कमिट आला तर प्रत अर्धवट होते. त्यासाठी ‘हॉटकॉपी’ हा आदेश आहे. टास्क शेड्युलरमधून तो रोज रात्री दुसऱ्या डिस्कवर चालवा. आठवड्यातून एकदा ती प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घेऊन ड्राइव्ह काढून घरी न्या. सतत जोडलेल्या ड्राइव्हला खंडणीखोर व्हायरस सर्व्हरइतक्याच सहजपणे कुलूप लावतो. त्याच कारणासाठी सर्व्हरवरचा रिपॉझिटरीचा फोल्डर नेटवर्कवर शेअर करू नका. कामाचे संगणक एसव्हीएनमधूनच बोलतात, त्यांना त्या फोल्डरमध्ये जाण्याची गरज नसते.

पीडीएम स्टँडर्ड वापरत असाल तर एसक्यूएलचा डेटाबेस आणि फाइल आर्काइव्ह या दोन्हींचा बॅकअप एकाच वेळचा हवा. नुसते आर्काइव्ह मिळाले तर फाइल्स असतात, पण कोणती कुठली हे सांगणारी वही नसते.

दर तीन महिन्यांनी एखाद्या रिकाम्या संगणकावर ती रात्रीची प्रत उघडा, त्यावर ‘व्हेरिफाय’ चालवा, चेकआउट करा आणि सर्वांत मोठी असेंब्ली उघडून पाहा. किती वेळ लागला तो लिहून ठेवा. सर्व्हर बंद पडेल त्या दिवशी वर्कशॉपला सांगायला तो आकडा हाताशी असेल.